एकाच आईची चार नकोत

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी पाठीमागे हसायला नको. भालचंद्र सोनटक्के हा माणूस लग्नं जुळवण्याचा धंदा करतो, असं मला चांगले दोन आठवडे वाटत होतं. नुसतं वाटून गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी माझ्या अक्षयाचा बायोडेटा, फोटोसकट, त्यांच्या हातात नेऊन दिला.

हसा, हसा. लिहिताना मीसुद्धा हसतेच आहे.

झालं असं, की आमचे हे रिटायर झाले आणि दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही फरीदाबादला फ्लॅटमध्ये राहायला आलो. खोकी अजून उघडायची होती, पडदे लागायचे होते, आणि समोरच्या बाल्कनीतून मराठी ऐकू आलं. परक्या सेक्टरात मराठी शब्द कानावर पडला की माझे कान आपोआप लांब होतात. गृहस्थ फोनवर बोलत होते. आवाज असा खणखणीत, की जन्मभर मशीनच्या घरघरीत बोलायची सवय असावी.

"आई कोण ते आधी सांगा. नाही, नाही, एकाच आईची चार नकोत मला. वेगवेगळ्या घरची हवीत. अहो, सगोत्र झालं की पुढची पिढी पोचट निघते! उंचीचं सोडा. ठेंगणी चालेल, वाकडी चालेल, रंगाचं तर बोलूच नका."

मी मनात म्हटलं, वा! काय उदार माणूस आहे! आमच्या अक्षयाची उंची पाच फूट एक. एकतिसावं चालू, गुडगावला आयटीत. स्थळं बघून बघून मी थकले होते आणि ती तर माझ्या बघण्यालाच थकली होती. चार दिवसांनी पुन्हा फोन: "अलवरची तीन पोचली. एक वाटेतच गेली बिचारी." इथे मी जरा दचकले. मग मीच स्वतःला समजावलं की सोयरीक मोडली असेल.

एका रविवारी लाडू घेऊन गेले. सोनटक्क्यांनी चष्मा लावला, बायोडेटा उभ्या उभ्या वाचला, मागची बाजूही बघितली. म्हणाले, "छान. यायला काहीच हरकत नाही. पण शनिवारी पहाटे पाचला निघतो आम्ही, उशीर चालत नाही."

"कुठे निघता?"

"डोंगरात. बी गोळा करायला. चांगले बूट आहेत का तिच्याकडे?"

आतून त्यांची बायको गिरिजा पदराने तोंड दाबत आली. तिच्या सगळं लक्षात आलं होतं. "अहो, त्या मुलीसाठी स्थळ विचारायला आल्यात," ती म्हणाली. सोनटक्क्यांनी बायोडेटा माझ्याकडे परत केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे सगळी झाडं आहेत."

तेव्हापासून आमची गट्टी जमली. अक्षयाने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला, ते वेगळं.

आता हा माणूस कोण, ते सांगते. चाळीसगावचा. बाविसाव्या वर्षी डिप्लोमा घेऊन फरीदाबादला आला आणि इथल्या एका ट्रॅक्टरच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होता. म्हणजे काम काय, तर नट-बोल्टचा लॉट आला की त्यातले नमुने मोजायचे, एकसारखे असले तर हिरवा टॅग, नसले तर लाल टॅग आणि लॉट परत. एकदा म्हणे यांनी अर्ध्या केसाएवढ्या फरकासाठी सगळी लाइन थांबवली होती. गिरिजा सांगते, घरीसुद्धा चपात्या एकसारख्या गोल नसल्या की हे ताट फिरवून फिरवून बघायचे. तिने एकदाच सांगितलं, लाल टॅग लावा आणि उपाशी झोपा. तेव्हापासून बंद.

रिटायर झाल्यावर डॉक्टरने चालायला सांगितलं. हे चालत चालत मागच्या अरवलीत जाऊ लागले. एका सकाळी तिथे वृक्षारोपणाचा मोठा कार्यक्रम चालला होता. ट्रक भरून रोपं, बॅनर, बिस्किटं. यांनी सवयीने विचारलं, "लॉट कुठला?" कुणाला प्रश्नच कळेना. यांनी सोडलं नाही. शोधत शोधत नर्सरीपर्यंत गेले. तिथल्या माणसाने बोट दाखवलं. गेटसमोर एक झाड होतं, त्याच्या खाली झाडू मारून जेवढं बी निघालं, तेवढं सगळं पेरलं होतं. दहा हजार रोपं, आई एकच.

"वहिनी, मी घरी आलो आणि जेवलो नाही," त्यांनी मला एकदा सांगितलं. "चौतीस वर्षं मी एकसारखं नसेल ते फेकत आलो. कारखान्यात तेच बरोबर. पण रान म्हणजे बोल्ट नाही. उद्या एखादी कीड आली, आणि एकाला लागली की दहा हजारांना लागणार. थंडीत एक गारठलं की सगळी गारठणार. एक जरी वेगळ्या घरचं असलं, तर ते उभं राहील."

झालं. तेव्हापासून हा माणूस उलटा इन्स्पेक्टर झाला. झाडं शोधायची, तीही एकमेकांपासून लांबची. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पिशवीत, प्रत्येक पिशवीला पत्र्याचा टॅग, टॅगवर ठोकून नंबर. गच्चीवर ट्रेच्या रांगा. गच्चीच्या दारावर खडूने लिहिलेलं: 'लॉट मिसळू नये.' एकदा मी पापड वाळवायला गेले आणि जागा हवी म्हणून दोन ट्रे जरा सरकवले. अहो, माझ्या सासऱ्यांनीसुद्धा मला तसं झापलं नव्हतं कधी.

त्यांचा सगळा जीव एका झाडात. त्याचं नाव धौ. आपल्याकडे धावडा असतो ना, डिंकाच्या लाडवात ज्याचा डिंक घालतो, त्याचा हा इकडचा चुलतभाऊ. बारीक पानं, खाली झुकलेल्या फांद्या, थंडीत सगळा तांब्यासारखा होतो. बकऱ्यांनी खाऊन खाऊन बेजार केला, तर जमिनीला सतरंजीसारखा चिकटून राहतो, मरत नाही. बकऱ्या थांबल्या की उठून झाड होतो. मी म्हटलं, हा तर आपल्या बायकांसारखाच. सोनटक्के हसले नाहीत. म्हणाले, "पण बी पोचट. हजार दाणे पेरा, पाच उगवले तर नशीब."

दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत शिवांगी नावाची नागपूरची मुलगी होती. झाडांची पानं तपासून ती कोण कुणाच्या नात्यातलं ते सांगायची. सोनटक्क्यांनी चार वर्षांत धौच्या सव्वीस आया जमवल्या होत्या. त्या सगळ्यांची पानं त्यांनी शिवांगीला दिली, मोठ्या ऐटीत. कारण आता ती चार वर्षं सार्थकी लागणार होती. यतीन म्हणून पुण्याचा एक मुलगा, गुडगावच्या मोठ्या कंपनीत. कंपनीच्या समाजकार्याचं बघायचा. त्याने एका ट्रेनिंग सेंटरच्या आवारातली दोन एकर जागा मिळवून दिली होती, भिंत घातलेली, पाण्याची सोय असलेली. तिथे धौचं बीजवन करायचं ठरलं होतं. म्हणजे पुढे कुणालाही, कुठल्याही नर्सरीला, अरवलीत धौ लावायचा असेल, तर बी इथून न्यायचं. म्हणून तिथे जे लागेल ते खरंच निरनिराळ्या घरचं असायला हवं. तिथेच चूक झाली तर पुढची शंभर वर्षं सगळीकडे तीच चूक उगवत राहणार.

शिवांगी फोन न करता स्वतः आली. तेव्हाच मला कळलं की बातमी बरी नाही.

"काका, सव्वीस नाहीत," ती हळूच म्हणाली. "पाच आहेत."

"पाच काय?"

"पाच आया. धौ मुळांवरून फुटतो ना. तोडला, चरला गेला की बाजूला मुळातून नवीन कोंब. तुम्ही ज्या उतारावरून बारा झाडं घेतलीत, ती सगळी एकच झाड आहे. जमिनीखाली एक, वर बारा. बाकीच्या टेकड्यांवरही तसंच."

सोनटक्के उठले, गच्चीवर टॅग लावलेल्या ट्रेच्या रांगांपाशी गेले. मग एकेक टॅग काढून पायजम्याच्या खिशात टाकायला लागले. एकवीस टॅग. गिरिजाने मला खुणेने सांगितलं, आता बोलू नका. मी! पण नाही बोलले बाई त्या दिवशी.

यतीनला फोन केला. तो स्वभावाने चांगला, पण ऑफिसची घाई त्याच्या अंगात भिनलेली. "काका, पाच तर पाच, यार! लोकांना कुठे कळणार आहे?" असं म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. मग म्हणाला, "बघा, या पावसाळ्यात नको. पुढच्या जुलैपर्यंत थांबवतो मी. पण तोपर्यंत रोपं नसतील तर नर्सरीतून आणून लावावी लागतील. माझ्याही वर लोक आहेत ना."

नर्सरीतून म्हणजे पुन्हा एकाच आईची. सोनटक्क्यांनी "बिल्कुल नाही" एवढंच म्हटलं.

आता जुने, बियांपासून उगवलेले, कुऱ्हाड न लागलेले धौ राहिले होते फक्त बनीत, लांबून मोजलेले एकतीस. आपल्याकडे देवराई असते तशी इकडे गावाची राखलेली बनी. डोंगराच्या खोबणीत, कुणा साधूबाबाच्या नावाने सोडलेली. तिथून वाळकी काडीसुद्धा कुणी नेत नाही. नेली तर घरात काहीतरी विपरीत होतं, असं गावात सगळे मानतात. म्हणूनच ते रान टिकलं, हेही खरं.

डिसेंबरात सोनटक्के निघाले, मी बळेच गाडीत बसले. गावातले म्हातारे, धरमबीर ताऊ, बनीच्या तोंडाशी खाटेवर बसले होते. पांढरा फेटा, हुक्का, वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी काय करावं? फाइल उघडली. यतीनच्या कंपनीचं पत्र, शिवांगीचा रिपोर्ट, शिक्के, सगळं खाटेवर मांडलं आणि उभ्यानेच म्हणाले, "हमें इकतीस पेड़ों से सैंपल चाहिए."

ताऊंनी कागदाला हात लावला नाही. हुक्का ओढला. "पत्ता भी बाहर नहीं जाता, बाबूजी. चाय पियोगे?"

चहा प्यायलो आणि परत आलो. वाटेत मी काय सोडते! "भालचंद्रराव, सँपल म्हणे! ट्रॅक्टरचा क्लच आहे का तो?" ते खिडकीबाहेर बघत होते. कानाच्या पाळ्या लाल.

घरी गिरिजाने सगळं ऐकून घेतलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या दारात गेलात, त्यांच्या पोरी मागितल्यात, आणि तेही उभ्याने, फाइल दाखवून. नुसता नारळसुद्धा नेला नाही. मला मागणी घालायला तुमचे वडील आले होते ते असे आले होते का? माझ्या बाबांनी हाकलून दिलं असतं."

सोनटक्क्यांनी उठून कपाटातून स्वतःचा लग्नकार्यातला कोट काढला.

आठ दिवसांनी आम्ही वरपक्ष म्हणून गेलो. खरंच सांगते! गिरिजा ठेवणीतल्या इरकलीत, मी नथ घालून, सोनटक्के कोटात घामेजलेले. नारळ, गूळ, सव्वा किलो पेढे, खण. खाटेसमोर खाली सतरंजीवर बसलो. सोनटक्क्यांनी हात जोडले आणि पाठ करून आणलेलं हिंदी म्हटलं, "ताऊजी, आपकी बेटियों का हाथ माँगने आए हैं."

ताऊंचा हुक्का थांबला. मागे ओट्यावर बायका होत्या, त्या पदराआड खुदखुदायला लागल्या. ताऊंनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता चिडणार. पण म्हातारा भलताच रंगेल निघाला.

"लड़का क्या करता है?"

"दो एकड़ का है जी. चारों तरफ़ दीवार है. पानी का इंतज़ाम है."

"बकरी?"

"अंदर नहीं आती."

"कुल्हाड़ी?"

"घर में नहीं रखते."

"दहेज?"

"हमें कुछ नहीं चाहिए. बस, माँ का नाम साफ़-साफ़ बता दीजिए. एक माँ की चार नहीं लेंगे." आला मूळ पदावर! मी गिरिजाला कोपर मारलं.

ओट्यावरून एक म्हातारी ओरडली, "छोरियों को पीटोगे तो ना?" सोनटक्के उठून उभे राहिले, कानाला हात लावून म्हणाले, "माताजी, सोलह साल से अपनी घरवाली से डाँट खा रहा हूँ, मैं किसे पीटूँगा." सोळा का म्हणाले देव जाणे, लग्नाला सदतीस झाली होती. गिरिजा नंतर म्हणाली, पहिली एकवीस वर्षं यांना ऐकूच येत नव्हतं.

गावाने तीन दिवस विचार केला. मग निरोप आला. झाडाला हात लावायचा नाही, फांदी हलवायची नाही. वाऱ्याने जे स्वतःहून खाली पडेल, ते बाबाने दिलं असं समजायचं. आणि पहिलं रोप लागेल तेव्हा मुलीकडच्या माणसांना बोलवायचं.

आता आली पंचाईत. झाडाखाली कापड पसरायचं. पण झाडं एकतीस आणि बी टाचणीच्या डोक्याएवढं, पंख असलेलं, उडणारं. एका चादरीवरचं दुसऱ्या चादरीत गेलं तर? सोनटक्क्यांना ताप यायची वेळ आली. तेव्हा मी म्हटलं, साड्या. प्रत्येक झाडाला वेगळी साडी. मग डब्यात भरताना तरी घोळ होणार नाही. गिरिजाच्या चौदा, माझ्या सतरा. त्या रजिस्टरमध्ये अजून लिहिलेलं आहे, मी स्वतः बघितलंय: 'माता क्रमांक नऊ, नीरजावहिनींची जांभळी वॉयल, काठ फाटलेला.' काठ फाटलेला हे लिहायची गरज होती का? पण नाही, इन्स्पेक्टर ना.

गावातल्या बायकांनी साड्या अंथरल्या, कडांवर दगड ठेवले, राखणही केली. जानेवारीभर ते रान काय दिसत होतं म्हणून सांगू! तांबड्या पानांचे धौ आणि प्रत्येकाच्या पायाशी आमचा अर्धा संसार पसरलेला. माझी बारशाची साडी एका झाडाखाली, गिरिजाची मंगळागौरीची दुसऱ्याखाली. दर शनिवारी सोनटक्के एकतीस डबे घेऊन जायचे आणि एक साडी झटकली की दुसऱ्या साडीकडे जाण्याआधी हात धुवायचे. एकतीस वेळा हात धुवायचे, कडाक्याच्या थंडीत! ताऊ म्हणायचे, "इतना तो हमारा पंडित भी नहीं धोता." शिवांगीने त्या एकतिसांची पानं झाडाखालूनच उचलून तपासली. एकतीसच्या एकतीस वेगळी घरं. सोनटक्क्यांनी तो कागद देवघरात ठेवला. अगरबत्ती लावली की नाही मला माहीत नाही, पण लावली असती तरी मी हसले नसते.

पेरणी झाली आणि मग नुसतं बघत बसणं. बाराव्या दिवशी सोळा नंबरला एक हिरवा ठिपका. सोनटक्क्यांनी भिंग लावून बघितला, मला बोलावून दाखवला, मग कुरिअरवाल्यालाही दाखवला. काही आयांची भराभर आली, चार नंबरची तर एकशे बारा. काहींची चार, पाच. तिघींचं काहीच आलं नाही. सोनटक्क्यांनी ते ट्रे पावसाळा लागेपर्यंत पाणी घालून ठेवले. आणि नऊ नंबरची, माझ्या जांभळ्या साडीवाली, तिचं एकच पोर आलं, तेही वाकडं, मान एका बाजूला टाकलेलं.

मी म्हटलं, "चार नंबरची एवढी छान तरारलीत, तीच लावा की सगळी."

"वहिनी, चार नंबरची पंधरा. बाकीच्यांची जेवढी असतील तेवढी, पण पंधराच्या वर कुणाची नाहीत. नाहीतर पुन्हा तेच. तिचंच घर भरेल." उरलेली सत्त्याण्णव त्यांनी शाळांना वाटून टाकली आणि प्रत्येक शाळेला बजावून सांगितलं की ही सगळी सख्खी भावंडं आहेत, यांच्या बियांवर रान उभारू नका. कुणी एवढं सांगतं का हो? नर्सरीवाला तर नाहीच सांगत.

ठरल्याप्रमाणे जुलैत अठ्ठावीस आयांची पोरं दोन एकरांत लागली. यतीनने फोटोसाठी पुढच्या रांगेत उंच रोपं मागितली. सोनटक्के म्हणाले, रांग नकाशाप्रमाणेच लागेल. एका आईची शेजारी शेजारी नकोत, म्हणून त्यांनी आदल्या आठवड्यात पूर्ण दोन एकरांचा नकाशा आखला होता, लग्नाच्या पंगतीत कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही हे ठरवतात ना, अगदी तसा. यतीनने कॅमेरा बाजूला ठेवला आणि बूट काढून खड्डे करायला लागला. बरा आहे पोरगा. अक्षयासाठी वाईट नाही, पण तो विषय मी सध्या बंद ठेवलाय.

मुलीकडची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली, ताऊ पुढे. प्रत्येक रोपाला बांधायला लाल दोरा आणला होता. पहिलं रोप ताऊंनी लावलं. माती दाबून झाल्यावर म्हाताऱ्याने रोपाच्या शेंड्यावर हात ठेवला, लेकीच्या डोक्यावर ठेवतात तसा, ते मी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. आमच्या सोनटक्क्यांचं सांगायचं तर ते सरळ उभे होते, हात मागे बांधून, लाइन सुटताना उभे राहत असतील तसे. चार वर्षं आणि वर आणखी एक, आणि त्या दोन एकरांत एकही पोचट नाही. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हा आपला माणूस आहे.

दुपार कलली. उकाडा असा की अंगावरचा घाम वाळेना. गिरिजा ट्रे घेऊन आली. थंडगार पाणी, चहा, गरम बटाटेवडे. ताऊंनी हात जोडले.

"ना जी. बेटी के घर का पानी नहीं पीते."

त्यांच्या मागच्या अकरा जणांनी पुढे केलेले हात मागे घेतले. गिरिजा पार गोंधळली. ताऊंचा चेहरा उन्हाने लालबुंद, ओठ कोरडे, पण मान ताठ. मी म्हटलं, "ताऊजी, आजकल कौन मानता है?" हे म्हणायला नको होतं. ताऊंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी नथ सावरत मागे सरले. यतीन म्हणाला, "बाहर से बोतल मँगवा दूँ?"

"बेटी के आँगन में बैठ के पिया, तो बेटी का ही हुआ."

सोनटक्के ट्रेपाशी आले. ग्लास उचलला. "ताऊजी, एक बात बताइए. बेटी की शादी कब हुई?"

"लो! तुम्हीं तो हाथ माँगने आए थे."

"माँगा था. आपने हाँ कहा. वो तो मँगनी हुई. शादी तो हुई नहीं. धौ को फूल कितने बरस में आता है?"

ताऊंनी हिशेब केला. "पंद्रह तो मान लो."

"तो पंद्रह बरस से पहले ब्याह कैसे होगा? बालविवाह है, जेल होती है. इस उमर में मुझे जेल भिजवाओगे?"

मागे ट्रॉलीवाला फिस्सकन हसला. ताऊंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. "तो फिर ये यहाँ क्या कर रही है?"

"हॉस्टल में रख के गए हैं आप. पढ़ेगी-लिखेगी, बड़ी होगी. हॉस्टल का पानी पीने में क्या दोष? बाप मिलने आता है तो मेस में खाना खाता है कि नहीं?"

ताऊंनी फेटा सारखा केला. माघार घ्यायची तर ऐटीत घ्यायची, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "और पंद्रह बरस बाद, जब ब्याह हो जाएगा, तब नहीं पिऊँगा. समझे?"

"बिल्कुल मत पीजिएगा."

"पंद्रह बरस बाद मैं होऊँगा कहाँ, बाबूजी?"

"इसीलिए तो कह रहा हूँ," सोनटक्के म्हणाले आणि ग्लास पुढे केला, "पीने का टाइम यही है."

ताऊंनी ग्लास घेतला, एका दमात रिकामा केला, मिशी पुसली आणि वड्याच्या ट्रेकडे बोट दाखवून विचारलं, "इस मेस में चटनी मिलती है कि नहीं?"